अर्ध्या किलोचं विमान

मैत्रिणींनो, आपण स्वेटर विणायला घेतला, तर 'कशाला?' असं घरात कुणी विचारत नाही. क्रोशाचे रुमाल केले, लोणची घातली, तर कौतुकच होतं. पण पस्तिशीची बाई रिमोटवर उडणारं फोमचं विमान करते म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "याचा उपयोग काय हो?" गेली दोन वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. म्हटलं, आज तुमच्याशीच बोलावं.

सुरुवात अर्थातच मुलासाठी झाली. तो आठवीत होता. मोबाइलवर कुणाचं तरी विमान पाहिलं आणि हट्ट धरून बसला. कापाकापी माझ्याकडे आली, कारण गणपतीचं मखर आमच्याकडे मीच कापत असे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि माझा कटर कपाटात गेला. पण हाताची सवय कुठे जाते?

विमान बेतणं हे ब्लाउज बेतण्याहून फार वेगळं नाही. आधी कागदावर नमुना, मग ५ मिलिमीटर जाडीच्या फोमशीटवर आखणी. पंखाची लांबी १ मीटर, म्हणजे साडीच्या पन्ह्याहून जरा कमी. रुंदी १८ सेंटिमीटर. पंख वरून किंचित फुगीर ठेवायचा आणि आत आधाराला बांबूची पट्टी घालायची. दोन्ही टोकं थोडी वर उचललेली असली, की कललेलं विमान आपलं आपण सावरतं. शेपटीच्या पट्ट्या हलवायला दोन छोट्या सर्व्हो मोटरी लागतात. सर्व्होपासून शेपटीपर्यंतच्या तारेसाठी सायकलचा आरा उत्तम. झटपट चिकटणारा गोंद मात्र थर्माकोलला लावू नका, तो थर्माकोल खातो. पांढरा गोंद चालतो, फक्त वाळायला वेळ लागतो.

खरी परीक्षा तोलाची. मोटर, बॅटरी धरून आमचं विमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५५० ग्रॅम भरलं. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण ५ सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावून ते उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट जड असेल, तर विमान नाक वर करतं, वेग हरवतं आणि कोसळतं. अशा वेळी बॅटरी बोटभर पुढे सरकवायची.

मुलगा दहावीत गेला आणि क्लास, सराव परीक्षा यांत विमान माळ्यावर गेलं. 'हे' म्हणाले, "आता विकून टाक, चार पैसे येतील." त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातून, दोन दिवाळ्यांची साडी न घेता ते झालं होतं. मी म्हटलं, "मुलगा उडवणार नसेल, तर मी उडवते." घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, "रविवारी सकाळचा चहा मी बघते, तू जा."

पावसाळ्यात लोणावळ्यात छत्री उडते, विमान कुठलं उडायला! पण दिवाळीनंतर मावळातला इंद्रायणी भात कापून होतो, खाचरं मोकळी होतात, पहाटेचा वारा पडलेला असतो. मी पंख सुटे करून पिशवीत घालते आणि पुण्याची लोकल धरून कामशेतला उतरते. बायकांच्या डब्यात सगळ्यांना वाटतं, शाळेचं प्रदर्शन आहे! कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग चालतं, त्या बाजूला मी जात नाही. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं केंद्र आहे, त्याच्या आसपास तर नावच नको. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे विभाग केलेले आहेत. आपली जागा नकाशावर आणि नोंदणीचे नियम आधी पाहून घ्यावेत.

विमान दूर जाताना सोपं असतं. ते आपल्याकडे वळलं, की डावं उजवं उलटं होतं. मला हे लवकर जमलं, कारण कवायतीला मुलांसमोर उभी राहून त्यांचा उजवा हात वर यावा म्हणून मी रोज डावा वर करते!

ज्यांचं खाचर, त्या आजींना विचारूनच मी उतरते. एकदा त्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावर उभ्या राहून बघत होत्या. विमान धसकटांवर घसरत थांबलं तेव्हा म्हणाल्या, "काय वझं नेतंय का ह्ये?"

"नाही हो आजी, नुसतंच उडतं."

"मंग बरंय की त्याचं," असं म्हणून हसल्या आणि भारा सावरून निघून गेल्या.

उपयोग विचारणाऱ्या कुणालाच मी आजवर नीट उत्तर देऊ शकले नव्हते. आजींनी तर तो विचारलाही नाही.

तुमच्यापैकी कुणाला करावंसं वाटलं, तर दोन गोष्टी सांभाळा. बॅटरी चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नका, ती ओट्यावर नजरेसमोर ठेवा आणि फुगली तर वापरू नका. बॅटरी जोडलेली असताना पंख्याजवळ बोट आणि पदर नेऊ नका. विमान नसेल करायचं, तर दुसरं काही करा, पण आठवड्यातली एक सकाळ आपली ठेवा. कुणी विचारलंच तर सांगा, मला आवडतं म्हणून करते.