लॅमिंग्टन रोडवरील दुरुस्तीबाजार

मुंबई पाहावयास आलेली मंडळी गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी पाहून परत जातात. त्यांस लॅमिंग्टन रोडवर कोणी नेत नाहीं. ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलच्या दिशेनें जाणारा हा रस्ता. १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव त्यास मिळालें. पुढें तें बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें झालें. तथापि टॅक्सीवाल्यास हें नांव सांगावें तर तो जुनेंच नांव उलट विचारतो. वडील पिढीस हा रस्ता चित्रगृहांचा म्हणून आठवेल. येथील मिनर्व्हामध्यें १९७५ सालीं लागलेला ‘शोले’ पांच वर्षें हलला नव्हता. आतां येथें तारा, संगणकाचे सुटे भाग, कॅमेरे आणि त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर यांचें राज्य आहे.

आम्ही तेथें गेलों तें एका व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठीं. वाचक हंसतील, परंतु तें यंत्र आमच्या घरीं नुसतें खेळणें राहिलेलें नाहीं. आमच्या दोघां पुतण्यांनीं ‘माइनक्राफ्ट’ नांवाच्या खेळांत, चौकोनी ठोकळे रचून, कोंकणांतलें आमचें विकलें गेलेलें घर तीन वर्षें खपून उभें केलें आहे. पडवी किती खणांची, माजघराचें दार कोणीकडे, विहिरीवरचा रहाट कोणत्या अंगास, हें सर्व आमच्या मातोश्रींनीं शेजारीं बसून सांगितलें. त्या घराचें छायाचित्र आमच्याजवळ एकहि नाहीं. थोरला पुतण्या शिक्षणासाठीं परदेशीं गेला. सुटींत आला कीं पुढचें बांधकाम चाले. अशांत घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलानें केबल ओढली, आणि पडद्यावर चित्र उमटेनासें झालें.

दुरुस्तीची खटपट कशाला, जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें तें आणावें, असें आमच्या वडील बंधूंचें मत पडलें. हिशेबाच्या दृष्टीनें तें चुकीचें नव्हतें. परंतु आमचें यंत्र प्लेस्टेशन ४. त्याच्या हार्ड डिस्कवरील मजकूर त्याच यंत्राच्या कुलपांत असतो. ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्रांत घातली तर तें यंत्र ती कोरी करावयास सांगतें. चित्रच दिसत नसल्यामुळें नक्कल काढून ठेवण्याचीहि सोय नव्हती. म्हणजे यंत्र बदललें असतें तर घर दुसऱ्यांदा गेलें असतें.

ह्या बाजाराची ख्याति अगदीं निर्मळ नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. २००९ सालीं अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधींच्या कार्यालयानें नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांत लॅमिंग्टन रोडची गणना केली होती. पण नकली माल विकणारा आणि बिघडलेली वस्तु जगविणारा यांस एकाच मापानें मोजणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. चांगला कारागीर रस्त्यावर दिसतच नाहीं. तो एखादा अंधारा जिना चढून गेल्यावर, तीन हात लांबीच्या टेबलामागें भेटतो.

आमचा कारागीर तिशींतला होता. त्यानें प्रथम यंत्र उघडलेंच नाहीं. विजेरीच्या उजेडांत मागच्या एचडीएमआय सॉकेटांत नुसतें पाहिलें. “काका, पिना दबल्यात. आंतली चिप शाबूत असेल तर काम सोपं आहे. ती गेली असेल तर तीही बदलूं, पण ते पैसे वेगळे. आधीं सांगून ठेवतों.” ह्या ‘आधीं सांगून ठेवतों’वरच आमचा विश्वास बसला.

त्या इवल्याशा सॉकेटांत 19 पिना असतात. मदरबोर्ड सुटा करून त्यानें भोंवतालच्या भागांवर उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी लावली, फ्लक्स सोडला आणि गरम हवेचा झोत धरला. डाक वितळतांच जुनें सॉकेट चिमट्यानें अलगद उचललें. येथें घाई केली तर खालच्या तांब्याच्या रेषाच उपटून येतात, आणि मग बोर्ड जवळजवळ हातचा जातो. तांब्याच्या वेणीनें जुनी डाक टिपून घेऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यानें नवें सॉकेट पिनेमागून पिन झाळलें. पाऊण तास तो एक शब्दहि बोलला नाहीं. मग पंख्यांतली धूळ झाडून, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पडदा उजळला, विहीर दिसली, आणि बरोबर आलेल्या पुतण्यानें तेथूनच आजीस फोन केला. मजुरी ऐकून बंधूहि गप्प झाले. २०२१ सालीं प्लेस्टेशन ५ येथें निघालें तेव्हां त्याची किंमत 49,990 रुपये होती, तिचा दहावा हिस्साहि ती नव्हती.

प्रत्येक यंत्र असें जगतेंच असें मात्र नाहीं. २००५ सालीं निघालेलीं एक्सबॉक्स ३६० हीं यंत्रें लाल दिवे दाखवून इतकीं बंद पडूं लागलीं कीं, २००७ सालीं मायक्रोसॉफ्टला हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. त्या काळीं लोक तीं टॉवेलांत गुंडाळून तापवीत. यंत्र चार दिवस चाले व पुन्हां निजे. बोर्ड भाजून देणारा भेटला तर कारागिराच्या मतें त्यास नमस्कार करून पुढें जावें.

अशा वेळीं जुनें यंत्र घ्यावयाचें झाल्यास, तें दुकानांत अर्धा तास चालवून आवाज ऐकावा, डिस्क घालून पाहावी, आणि पूर्वीच्या मालकाचें खातें काढलेलें आहे कीं नाहीं हें तपासावें. मालकाच्या गैरवर्तनामुळें ऑनलाइन खेळास बंदी झालेलें यंत्र बाहेरून नवेंकोरेंच दिसतें. डिस्क-ड्राइव्ह बदललेली असेल तर अधिक जपावें. प्लेस्टेशन ४ मध्यें तिची पट्टी मूळ मदरबोर्डाशींच जुळलेली असते, दुसरी सरळ बसवली तर डिस्क वाचत नाहीं. कंपन्यांनीं अशीं कुलपें किती घालावींत हा वाद आपल्याकडेहि सुरू झाला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या डिसेंबरांत ‘राइट टु रिपेअर’चें संकेतस्थळ उघडलें. आमचा कारागीर मात्र तेवढ्यावर विसंबून नाहीं. निकामी झालेलीं यंत्रें तो वजनावर विकत घेतो व त्यांचे भाग खणांतून निरनिराळे लावून ठेवतो. निघतांना त्यानें आमचें तुटकें सॉकेट कागदाच्या पुडींत बांधून हातीं दिलें आणि केबल सरळ धरून घालावी, तिरपी घालूं नये, असें पुतण्यास दोनदां बजावलें.