भुतांची बैठक

२०२३ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. भाचीची शाळा नि शेजारचे चर्च मिळून हॅलोविनचा मेळा भरवणार होते. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. मुले सोंगे घेतात, दारोदार खाऊ मागतात. मेळ्याच्या बैठकीला बहिणीने मलाही नेले. "दादा, तिथे मास्तरकी करू नकोस हं!" असे बजावूनच.

चर्चच्या बाईंना भुते नको होती. शाळेला हवी होती. शेवटी हसरी भुते चालतील, असे ठरले. मग विषय निघाला तीन वांड पोरांचा. गेल्या वर्षी त्यांनी दारोदारचे भोपळे फोडले होते. मी मनात म्हटले, त्यांना घेऊच नका. तोच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "इथल्याच अनोका गावात पोरे या रात्री गाई मोकळ्या सोडीत. १९२० साली गावाने त्यांना गुंतवायला मिरवणूकच काढली." झाले! भोपळ्यांची राखण त्या तिघांकडे गेली.

माझी मान खाली गेली. होळीला माझ्या दारची लाकडे पळवली, म्हणून एका मुलाला मी स्नेहसंमेलनातून वगळले होते. पुढे तो शाळेतच आला नाही.

मेळ्यात एकही भोपळा फुटला नाही.

या दिवाळीत त्या मुलाकडे फराळ घेऊन जाणार आहे. काय बोलावे, ते मात्र अजून सुचलेले नाही.