बहिरंग आणि अंतरंग

निवासी शाळेत गवत हा शोभेचा नव्हे, सुरक्षिततेचा विषय असतो. पावसाळ्यात वसतिगृह आणि भोजनगृह यांमधील वाट झाकली गेली, की विंचू-सापांची धास्ती प्रत्येक शिक्षकाच्या मनात घर करते. म्हणूनच एका माजी विद्यार्थ्याने वर बसून चालविण्याचे, गवत कापणारे जुने यंत्र शाळेस दान दिले, तेव्हा आम्हां सर्वांना मोठा आधार वाटला.

एका श्रावणात हे यंत्र अडू लागले. सकाळी उत्तम चाले. अर्ध्या तासाने मात्र चढावर थबके. इंजिन चालू राही, पाती फिरत राहत, चाके तेवढी हलत नसत. तासभर थांबले की पुन्हा पूर्ववत. तालुक्याच्या एका कारागिराने निर्णय दिला : मागचा बंद गिअरबॉक्स निकामी झाला आहे, संपूर्ण बदला. त्या किमतीत ग्रंथालयाची वर्षाची खरेदी झाली असती.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु साधनांची चिकित्सा करताना आधी बहिरंग परीक्षण, मग अंतरंग परीक्षण, हा क्रम आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. तोच येथे लावावा असे ठरवून नववीच्या काही विद्यार्थ्यांसह यंत्राची माहितीपुस्तिका उघडली.

या यंत्राची चालना हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. इंजिन पट्ट्याने एक पंप फिरविते. पंप तेल ढकलतो. त्या तेलाने मोटर फिरते आणि मोटरीमुळे मागील चाके. पेडल दाबले की पंपातील तबकडी कलते. ती जितकी कलेल तितके तेल अधिक आणि तितका वेग अधिक. उलट कलली की यंत्र मागे जाते.

सपाट जागी इंजिन बंद करून किल्ली काढली, प्लगची वायर सोडली, चाकांना दगड लावले. प्रथम बायपासचा दांडा पाहिला. यंत्र हाताने ढकलता यावे म्हणून तो असतो. ओढलेला राहिल्यास तेलाचा दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. तो जागेवर होता. पट्टा ढिला नव्हता, त्याला ताण देणारी स्प्रिंग शाबूत होती. पेडलपासूनचे सांधे घट्ट होते. एक्सलवरील चावीही अखंड होती. ती तुटली तर एक्सल फिरतो, चाक नाही.

तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दांडा किंवा चावी बिघडली असती, तर सकाळी तरी यंत्र कसे चालले असते?" हाच खरा पुरावा होता. दोष उष्णतेशी निगडित होता. तापल्यावर तेल पातळ होते, आतील बारीक फटींतून निसटते आणि दाब घटतो. मग ही उष्णता बाहेर का पडत नाही?

उत्तर आसनाखाली सापडले. गिअरबॉक्सवरील थंडाव्याच्या पंख्याची तीन पाती तुटलेली होती आणि आवरणावरील खाचांत गवत-धुळीचा थर घट्ट बसला होता. खाचा स्वच्छ केल्या, नवा पंखा बसविला, पुस्तिकेने सांगितलेले तेल भरले. मग मुलांना दूर उभे करून मागील चाके उचलून आधारावर ठेवली. बायपास उघडा ठेवून, इंजिन मंद चालवून, पेडल पुढे-मागे पाच-सहा वेळा दाबले. बायपास बंद करून तेच पुन्हा केले. तेलात अडकलेली हवा अशी निघून जाते. दुसऱ्या दिवशी यंत्र चढावर तासभर न थबकता चालले.

एवढे करूनही ते तापल्यावर अडले असते, तर आतील झीज सिद्ध झाली असती आणि कारागिराचा निर्णय आम्ही मान्य केला असता. तो निर्णय अशक्य नव्हता. पुराव्याआधी दिलेला होता, इतकेच.

त्या वर्षी ग्रंथालयात पुस्तके आली. यंत्राजवळ आता एक वही टांगलेली असते. गवत कापून झाल्यावर खाचा कोणी साफ केल्या, पट्टा कोणी पाहिला, याची नोंद तारखेसह होते. तिचे पहिले पान त्या विद्यार्थिनीच्या अक्षरात आहे.