सहा वाजताचा चहा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे भोसरी, चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे आमचा जुम्मा नेमका कामाच्या दिवशी येतो आणि दुसऱ्या पाळीवाल्याचा रोजा मशीनवरच सुटतो.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने सलग पाच तासांहून जास्त काम घेऊ नका, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्या, असे सांगितले होते. ती विश्रांती नेमकी कधी, हे मात्र साहेबांच्या मर्जीवर.

२००३ चा रमजान ऑक्टोबरअखेर सुरू झाला. मी प्रेस शॉपमध्ये दुसऱ्या पाळीत होतो. मगरीब सहाच्या सुमारास; चहा पाचला, जेवण साडेसातला. आम्ही चौघे रोजेदार. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "लाइन तुमच्या सूर्यावर चालत नाही." मग खिशातला खजूर तेलकट हातानेच तोंडात टाकायचा. त्याच महिन्यात एका डायला तडा गेला. ऑपरेटरला तो दिसला होता. पण साहेबांशी बोलायची सवयच कुणाला उरली नव्हती. दोन दिवसांचा माल रिजेक्ट झाला.

पुढच्या वर्षी साहेब बदलले. रमजानच्या पहिल्याच दिवशी नव्या साहेबांनी सांगितले, "चहा पाचऐवजी सहाला. सगळ्यांनाच." एवढेच. हिंदू सोबती आमच्या खजुराला येऊन बसू लागले. पुढच्या आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली, तेव्हा दर्शनाला गेलेल्यांची मशीन आम्ही सांभाळली. मशीन जरा खरखरली तरी पोरे आधी साहेबांकडे धावत. भीती गेली की खबर वर पोचते.

आज चाकणला ठेक्यावरची पोरे असे काही मागायलाही धजत नाहीत. उद्या गेटवर आत घेतील की नाही, हीच धास्ती. आणि त्यांच्यावरचा सुपरवायझर आता कधी कधी आपल्याच मोहल्ल्यातला, शिकून इंजिनिअर झालेला असतो. त्याला एवढेच सांगावेसे वाटते: बेटा, कुणी वडिलांच्या श्राद्धाला दोन तास मागेल, कुणी बाई तापलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचे म्हणेल. तेव्हा आधी लाइनचा हिशेब सांगू नकोस. चहाची वेळ बदलता येते.