ध्वनिक्षेपकाची खरेदी

शहाडच्या आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात पुतणीची नाट्यगीतांची बैठक ठरली, आणि तिने जाहीर केले की, या खेपेस भाड्याच्या माईकपुढे मी गाणार नाही; जुन्या थाटाचा, चांदीसारखा झळकणारा, पुढे उभ्या पट्ट्या असलेला माईक हवा. जुन्या वस्तूंची पारख करायला घरात जुना माणूस मीच. तेव्हा तिच्याबरोबर लॅमिंग्टन रस्त्यावर जाणे मला प्राप्त झाले. आयुष्यभर इंग्रजी काव्य शिकवलेल्या माणसाला ध्वनिशास्त्रातले काय कळणार, ही शंका माझ्याखेरीज कुणालाच आली नाही.

या चंदेरी गृहस्थाचे घराणे मात्र खानदानी आहे. अमेरिकेतील शूर कंपनीने १९३९ साली तो बाजारात आणला. कर्ता बेंजामिन बाउअर नावाचा अभियंता. त्याआधी एकाच दिशेचा आवाज टिपायचा, तर एका पेटीत दोन यंत्रे कोंबावी लागत. बाउअरने एकाच पडद्याला मागूनही वाट ठेवली. पाठीमागचा आवाज दोन्ही अंगांनी एकदमच पोहोचतो आणि आपोआप विरतो; म्हणून कर्णा जवळ असूनही माईक सहसा शिट्टी घालीत नाही. पुढे एल्व्हिस प्रेस्लीच्या छायाचित्रांनी हे रूप जगभर नेले. बालगंधर्वांनी ऐन उमेदीत पदे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवली ती केवळ गळ्याच्या बळावर. म्हणजे पुतणीची ही 'जुनी' वस्तू तिच्या गाण्यापुढे पोरच! हे मी तिला सांगितले. तिने नेहमीप्रमाणे ऐकले नाही.

दुकानदार भला माणूस होता. त्याने तीन माईक मांडले. पहिला '५५ एसएच', दुसरा त्याचाच धाकटा भाऊ 'सुपर ५५' आणि तिसरा १९६६ पासून चालत आलेला 'एसएम ५८', गोल जाळीचा, दिसायला अगदीच गद्य. या तिसऱ्याच्या जाळीत स्पंजाचे अस्तर असते, त्यामुळे 'प' आणि 'भ' कानावर फुटत नाहीत. शिवाय तो स्वस्त, आणि हातातून पडला तरी सहसा रुसत नाही. चंदेरी जोडी दांड्यावरच शोभायची. त्यातला सुपर अरुंद कानाचा. शेजारचा तबला आणि पेटी त्याला कमी ऐकू येते, पण तान घेताना मान वळली की गाणाराही निसटतो. पुतणी डोळे मिटून प्रत्येकापुढे दोन ओळी गायली. मी मात्र डोळ्यांनीच ऐकत होतो.

मग दुकानदाराने पहिला माईक फिरवून दाखवला. "याला अंगावरच बटण आहे. सुपरला नाही."

माझे वडील, अण्णा, शहाडच्या रेयॉन कारखान्यात नोकरीला होते आणि दर गणपतीत गात. शेवटच्या वर्षी त्यांना वरचा षड्ज लागेना. पहिल्या रांगेत माझ्या महाविद्यालयातले दोन सहकारी बसले होते. मी कर्णेवाल्याकडे पाहून दोन बोटे पिळल्यासारखी केली. त्याने आवाज उतरवला. अण्णा तसेच गात राहिले, पुढची दोन पदे. घरी आल्यावर पाय धुता धुता त्यांनी एवढेच विचारले, "आज माईक लांब होता का रे?"

मी म्हणालो, "हो."

"काका, कोणता?" पुतणीने विचारले.

"बटण नसलेला."

"पण बटणाचा उपयोग होतो. आणि यात मान हलवायची सोय नाही."

दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, बटण नसले तरी आवाज तिकडून कमी करता येतोच की!"

हे मला तो सांगत होता! शेवटी सुपरच घेतला. तिच्या कानालाही तोच रुचला, असे ती म्हणते. पंधरा दिवस ती आरशापुढे मान आवरून ताना घोकत होती.

बैठकीच्या रात्री मला पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. मी तिथे बसलो नाही. मंडपाच्या मागच्या बाजूला कर्णेवाल्याशेजारी एक लोखंडी खुर्ची मोकळी होती, तिच्यावर बसलो, आणि पहिल्या पदापासून त्याच्या हाताकडे पाहत राहिलो.