कागदाची अमानत

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचे विद्यार्थ्यांशी नाते दहावीच्या दाखल्यापाशी संपत नाही. कॉलेजचा फॉर्म असो की शिष्यवृत्तीचा, मुले आमच्याकडेच येतात. कारण मराठी-इंग्रजी फॉर्म वाचणारे घरात कोणी नसते. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका सारे आमच्या हातांतून जाते.

आमची एक माजी विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजने शिष्यवृत्तीची यादी फलकावर लावली. नावापुढे टक्केवारी, वडिलांचे उत्पन्न आणि मोबाइल क्रमांकही! कुणीतरी फोटो काढून सगळीकडे पाठवला. घरात मोबाइल एकच, अब्बांचा. त्यावर अनोळखी पोरे मुलीला विचारू लागली. अब्बा आमच्याकडे येऊन म्हणाले, "सर, तालीम पाहिजेच, पण लेकीचं नाव बाजारात फिरवणारी तालीम नको." मुलगी घरी बसली.

आम्ही त्यांना घेऊन प्राचार्यांना भेटलो. यादी उतरली. नवी लागली ती नुसत्या अर्ज क्रमांकांची. एवढ्यावर काम भागत होते, तर आधीची तशी का लावली? कारकून म्हणाले, "पद्धतच आहे." मुलगी महिन्याभराने कॉलेजला जाऊ लागली. पुढल्या वर्षी मात्र तिने शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाच नाही. हक्काचे पैसे गेले.

अमेरिकेत यासाठी १९७४ सालापासून कायदा आहे. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा कॉलेजात गेला की त्याच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतो. काही अपवाद सोडले तर त्याच्या लेखी संमतीवाचून त्या इतरांना दाखवता येत नाहीत. स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क मात्र त्याला असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण तो संगणकीय माहितीपुरता. रजिस्टरची जुनी पाने अजून माणसाच्या इमानावरच आहेत.

व्यवहारात उलटेच दिसते. स्वतःचा कागद मिळवायला विद्यार्थ्याने खिडकीपुढे चार हेलपाटे घालायचे आणि परक्याने तो भिंतीवर फुकट वाचायचा.

कॉलेजात गेलेल्या लेकीचे गुण अब्बांनाही तिला विचारूनच सांगावेत, हे आमच्या मोहल्ल्यात पचायला जड आहे. आम्हालाही ते एकदम पटले नाही. पण ज्या मुलीला आपल्या कागदावर हक्क आहे असे वाटते, ती तो कागद स्वतः होऊन अब्बांपुढे ठेवते, हेही आम्ही पाहिले आहे.

शेजारीण हजला जाताना दागिन्यांचे गाठोडे आमच्या अम्मींकडे ठेवून जाई. अम्मींनी त्याची गाठ कधी सोडली नाही, आत काय आहे हे कुणाला सांगितले नाही. अमानत म्हणतात ती हीच. गरिबाच्या लेकीचे उत्पन्न, टक्के आणि फोन नंबर हेच तिचे गाठोडे. शाळा-कॉलेजांच्या कपाटांत अशी हजारो गाठोडी पडून आहेत. किल्ली ज्यांच्या कमरेला आहे, त्यांनी एवढे जपावे.