पंचनाम्यात न लिहिलेले गाणे

दूरदर्शनवर 1985 साली ‘करमचंद’ आणि 1993 साली ‘ब्योमकेश बक्षी’ आली, तेव्हा गुन्हेगारी मालिकेतले संगीत म्हणजे शीर्षकाची धून आणि रहस्य दाटले की वाजणारे पार्श्वसंगीत, एवढीच आमची समजूत होती. सिनेमाचे गाणे सिनेमात आणि खून मालिकेत, असे दोघांचे वेगळे संसार होते. अलीकडे ते एकत्र नांदू लागले आहेत.

गेल्या दिवाळीत धाकट्या चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही ‘गन्स अँड गुलाब्स’ ही 2023 सालची मालिका पाहावयास बसलो. नव्वदच्या दशकातले एक काल्पनिक गाव, अफूचा चोरटा व्यापार आणि त्यापायी पडणारे मुडदे, हा तिचा विषय. मंदसौर-नीमचकडची अफूची शेते आम्ही नोकरीत पाहिलेली, म्हणून उत्सुकता होती. पण मालिकेत जुनी लोकप्रिय हिंदी गाणीही पेरलेली आहेत. चिरंजीव गाण्यावर ठेका धरून हसत होते. आम्ही मात्र उठून अंगणात गेलो.

त्याचे कारण 1991 सालचे आहे. आम्ही तेव्हा नायब तहसीलदार होतो. लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला की पंचनाम्यास कार्यकारी दंडाधिकारी लागतो, म्हणून एका खेड्यात जावे लागले. मुलगी विशीतली होती. ओसरीवर तिची आई आक्रोश करीत होती आणि फळीवरच्या ट्रान्झिस्टरवर विविध भारतीचे एक प्रेमगीत चालू होते. ते बंद करावे, हे कोणालाच सुचले नाही, आम्हालाही नाही. गाणे शेवटपर्यंत वाजले. पंचनाम्यात आम्ही लिहिले, ‘ट्रान्झिस्टर एक, चालू स्थितीत.’ गाण्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. तेव्हापासून एखाद्या लग्नात ते गाणे लागले, की काहीतरी निमित्त काढून आम्ही मांडवाबाहेर जातो. ते कोणते, हे घरीही कधी सांगितले नाही.

अंगणात प्रथम राग आला. दुःखाची ही थट्टा कशासाठी? मग डेनिस पॉटर या इंग्रज लेखकाची 1986 सालची ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ आठवली. तिच्यात रुग्णशय्येला खिळलेल्या रहस्यकथालेखकाच्या मनश्चक्षूंपुढे डॉक्टर आणि परिचारिका जुन्या लोकप्रिय गाण्यांवर ओठ हलवू लागतात. गाणी आनंदी, पण त्यांच्या आडून त्याच्या बालपणीची अपराधी भावना वर येते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना घेऊन आम्ही आपल्या बागच्या लेण्यांत गेलो. चौथ्या लेण्याला, म्हणजे रंगमहालाला, ज्या चित्रांनी कीर्ती मिळवून दिली, त्यांतली बरीचशी 1982 साली भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली आहेत. परंतु नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार यांच्यासारख्या चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती करून ठेवल्या, त्यामुळे भिंतीवर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. एका प्रसंगात एक स्त्री हाताने तोंड झाकून रडते आहे आणि दुसरी तिचे सांत्वन करते आहे. त्याच भिंतीवर पुढे टिपऱ्या, झांजा आणि मृदंग घेतलेल्या स्त्रियांचे रिंगण नाचते आहे. त्या अनाम चित्रकाराला दोन्ही एकाच भिंतीवर काढताना संकोच वाटला नाही.

शोकाच्या शेजारी गाणे ठेवल्याने शोक उणा होत नाही. एका घरावर आकाश कोसळले तरी जग थांबत नाही, हे गाण्याने अधिकच बोचते. केवळ चव वाढवण्यासाठी टाकलेले गाणे हा मसाला. पण ते बोचले, तर ती साक्ष होय. मालिकावाल्यांना ही साक्ष नेहमीच साधते असे नाही. आम्हाला तरी कुठे साधली होती? आम्ही ती कागदावरून वगळली.

रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून आम्ही चिरंजीवांना 1991 सालची हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच विचारले, “कोणतं गाणं होतं, बाबा?”

चौतीस वर्षांनी आम्ही ते गुणगुणलो.